थांबलेल्या हलग्या
मी पदवीपर्यंत शिकलो तो सैन्यातून परतलेल्या आमच्या खेळाच्या सरांमुळे. विस्तवावर शेकलेल्या हलगीचा वास आला की विट्यातली शालेय हलगी स्पर्धा आठवते; आमचा संघ सरांनीच बसवला होता. आधीच्या संघानं मैदान दणाणून सोडलं होतं. "सर, आपलं काय खरं न्हाई," मी म्हणालो. सर म्हणाले, "वाजवाय समद्यांनाच येतंय रं. एकदम थांबून दावा!" कोणता संघ वाजवतोय ते दिसू नये म्हणून परीक्षक आमच्याकडे पाठ करून ऐकत होते. शेवटी सरांचा हात वर गेला आणि आमच्या सगळ्या हलग्या एका क्षणात गप्प झाल्या. परीक्षक खुर्चीतून उठले, वळून आमच्याकडे बघतच राहिले. पहिला नंबर आमचा आला. काल जतच्या हलगी स्पर्धेत मीच परीक्षक होतो. घरी येऊन सरांना पत्र लिहिलं : "सर, मीही पाठ करून बसलो होतो. पोरं थांबली, आणि माझ्या हातातून पेन पडल्याचं अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं."