माझ्या मशीनवर शिकलेली बहीण

रामदासपेठेतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी बारा वर्षं एकाच मराठी टाइपरायटरवर बसले. कुठलं अक्षर कुठे आहे ते मला बघावं लागत नसे. दुसऱ्या कुणी त्या मशीनला हात लावला की माझं डोकं फिरायचं. साहेब हसून म्हणायचे, "बाई, मशीन ऑफिसची आहे बरं का!"

पुढे नव्या मशीन निघाल्या. त्यांच्यावर अक्षरांच्या जागाच बदललेल्या. मी नाक मुरडलं. नवीची बटणं जड, फीत लवकर विरते, असं मी चारचौघांत ठासून सांगायचे. नव्या मशीनला तोवर मी बोटही लावलेलं नव्हतं.

त्याच वर्षी धाकटी बहीण मॅट्रिक झाली. टायपिंगची परीक्षा पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न, असं बाबांनी तिला सरळ सांगितलं. ऑफिस सुटल्यावर मी तिला माझ्याच मशीनवर बसवू लागले. पोरगी हुशार, भराभर शिकली.

एके दिवशी ती म्हणाली, "ताई, धरमपेठेच्या क्लासात नव्या मशीनवर शिकवून राहिले वं. परीक्षेलेही त्याच राहतील म्हणते. मी तिकडे जाऊ काय?"

"काहून? माया मशीनले काय झालं?" मी फटकन बोलले. "परीक्षेत दोन्ही ठेवतात."

ठेवतात की नाही, हे मला माहीत नव्हतं. क्लासात जाऊन विचारायला दहा मिनिटं पुरली असती. पण तिकडे विचारायला जाणं म्हणजे माझी मशीन मागे पडली हे कबूल करणं. घरात मला हुशार म्हणत ते त्या एका मशीनमुळे. बहिणीच्या नोकरीपेक्षा मी तो मान जपला. याला निष्ठा म्हणायची मला आता लाज वाटते.

परीक्षेला सगळ्या नव्याच मशीन होत्या. पहिल्या ओळीपासून तिचा कागद बिघडला. घरी येऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मायीच बोटं जुन्या जागी जाऊन राहिली होती वं, ताई." उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती खापरखेड्याच्या वीज कॉलनीत राहायला गेली.

पुढच्या वर्षी साहेबांनी जुनी मशीन विकून नवी आणली. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग शिकले. तीन आठवड्यांत बोटं आधीसारखी धावू लागली. एवढंच होतं ते.

दिवाळीला बहीण आली. "अजून त्याच मशीनवर बसतं काय वं?"

मी "हो" म्हणाले.

ती नवऱ्याकडे वळली आणि कौतुकानं म्हणाली, "पाहा, सांगितलं नव्हतं? आमची ताई आपल्या मशीनले सोडत नाही."