टाचणीच्या दारात उतरलेला जिना

आमच्या गल्लीतल्या शिंपिणीला सगळे टाचणी म्हणतात. ओठांत टाचण्या धरून बोलते, आणि बोलतेही टोचूनच. हे नाव मी ठेवलं असा तिचा संशय आहे. त्यात काही तथ्य नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

तिची थोरली बहीणही शिंपीणच, लग्न होऊन सहा पदरी महामार्गाच्या पलीकडे गेलेली. दुकानं समोरासमोर, पण मधून गाड्या सुसाट. पलीकडे जायचं तर लांबच्या भुयारी मार्गाने अर्धी सकाळ मोडायची. दोघींना ते सोयीचंच होतं. अलीकडची गिऱ्हाइकं हिची, पलीकडची तिची. थोरली कापड जास्त सफाईने बेतते, हे टाचणीला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते गिऱ्हाइकांना कळू नये, एवढंच तिचं म्हणणं.

मग महामार्गाच्या मधोमध, दुभाजकाच्या जागी, रेल्वेचे रूळ पडायला लागले. मध्ये स्टेशन, दोन्हीकडे पादचारी पूल आणि आमच्या बाजूचा जिना नेमका टाचणीच्या दुकानापुढे. जिना पेट्रोलपंपामागे सरकवावा म्हणून तिने साइटवरच्या इंजिनिअरच्या झाडून सगळ्या विजारी फुकट आखूड करून दिल्या. त्याने विजारी नेल्या, आभार मानले आणि जिना ठरल्या जागीच बांधला. भला माणूस.

पूल खुला झाला त्या सकाळी टाचणी मशीनवर मान घालून बसली होती. मी तिच्या दुकानातल्या बाकावर, उगाचच. आणि जिन्यावरून पहिली कोण उतरावी? थोरली.

"गिऱ्हाइकं पळवायला आलीस ना, ताई?"

थोरलीने पाठ फिरवून दाखवली. झग्याचा एक खांदा वर, एक खाली, पाठीवर नुसत्या चुण्या.

"अख्ख्या वस्तीचे कपडे शिवते मी," ती म्हणाली, "पण स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येतं का? आणि दुसऱ्या कुणा शिंपिणीपुढे उभी राहिले तर गावभर होईल."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"हात वर कर," ती म्हणाली. "मग माझं घे. माझी पाठ काय वेगळी आहे?"

आता थोरली बेतते, टाचणी शिवते आणि कापडाचे गठ्ठे पुलावरून ये-जा करतात. त्या दिवशीची मापं मात्र मला कळली नाहीत. थोरलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ पडदा ओढला.