जाळीच्या आत

फौजेतून कायमचा परत आलो तेव्हा घरात मी एकटाच होतो. बायको आदल्या वर्षी गेली होती, मुलगी पुण्याला सासरी. ऊस भावाच्या हवाली केला आणि ट्रॅक्टर घेऊन वेडी बाभूळ काढायची कामं धरली. तिच्या फांद्या तोंडावर येतात, काटा चपलेतून आरपार जातो. म्हणून कोरेगावात ट्रॅक्टरला लोखंडी पिंजरा करून घेतला. जाड पाइप, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी आणि डाव्या अंगाला एकच दार.

जतकडच्या एका कोरड्या पाझर तलावात काम मिळालं. तलावाच्या पोटात नुसती बाभूळच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक जुनं झाड ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी पात्यानं ढकललं. ते पलीकडं पडायचं सोडून फिरलं आणि माझ्यावरच आलं. मी डोकं खाली घातलं. वरचा पाइप वाकला, पण मला साधं खरचटलंही नाही. खोड मात्र दारावर रेललं होतं. ट्रॅक्टर मागं घ्यायला गेलो तर चाक बुडख्यात अडकलं. नटबोल्ट खोलायचे पाने, कोयता, सगळं बाहेरच्या पेटीत.

हाका मारल्या, हॉर्न वाजवला. मोबाइलला रेंज नव्हती. असती तरी कुणाला फोन करणार होतो? भाऊ दिवसभराच्या वाटेवर, मुलगी उगाच घाबरली असती. सीमेवर चौकीत महिने काढले होते, पण तिथं रोज हजेरी तरी व्हायची. इथं माझं नाव घेणारं कुणी नव्हतं. ऊन जाळीतून मांडीवर सरकत राहिलं.

दुपार कलताना मेंढरं आली. मागं सत्तरीची एक धनगरीण.

"कोन हाय रं आत?"

"मी हाय, मावशी. दार अडकलंय."

तिनं झाडाभोवती फेरी मारली, खांद्यावरची कुऱ्हाड काढली. मी पेटीकडं बोट करून कोयता घ्यायला सांगितलं, तिनं हात हलवून नको म्हटलं. फांदी फांदी तोडत ती दाराकडं येत होती.

"घरी कोन हाय तुझ्या?"

"कोन न्हाई."

हे मी मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. ती थांबली. पदरातली अर्धी भाकरी गुंडाळी करून जाळीतून आत सरकवली.

"खा. लय जाड हाय खोड, वेळ लागंल."

दार वीतभर उघडलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. अंग चोरून बाहेर पडलो. तिच्या तळव्यात काटा मोडला होता. पेटीतल्या सुईनं तो काढला. एवढा वेळ कुणाचा हात हातात धरून मला कित्येक दिवस झाले होते.

"तुमच्या घरी, मावशी?"

"पोरं खाली गेल्यात, कारखान्याला, ऊस तोडाय. मी आन् ही," ती मेंढरांकडं बघत म्हणाली.

बुडखा तोडून ट्रॅक्टर मोकळा केला. पुढचे चार दिवस ती तलावाच्या बांधावरून जाताना काठी उंच करायची, मी हॉर्न वाजवायचो. पाचव्या दिवशी बांध मोकळाच राहिला. चारा संपला म्हणून कळप पुढं हलला, असं गावात कळलं. राहिलेली बाभूळ मी दोन दिवसांत काढली.