मुख्य, बॅकअप आणि इतर

कॉलेजने मला नेटवर्किंग शिकवायला सांगितलं, तेव्हा मला नेटवर्किंग येत नव्हतं. तलासरीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी मी एकटीच. त्यामुळे ज्याला प्लग आहे ते सगळं मला येतं, असा तिथे समज आहे. आधी एक परीक्षा द्यायची आणि मग पुढच्या सत्रापासून शिकवायचं, असं ठरलं. म्हणून संध्याकाळी घोलवडला घरी आले की मी दारापुढच्या ओट्यावर पुस्तक उघडायची आणि मोठ्याने वाचायची. मनातल्या मनात वाचलं की मला झोप येते.

ओट्यावर सासूबाई असायच्याच. ओटा म्हणजे त्यांचं ऑफिस. वाडीतल्या चिकूंची तोडणी कधी, टेंपो किती वाजता, गॅस आज येणार की उद्या, दीर डहाणूहून निघाले की नाही, सगळे फोन त्यांना येत आणि त्या ते घरभर कळवीत. कळवीत म्हणजे ओरडून सांगत. माहेर उंबरगावचं, म्हणून निम्मं मराठीत आणि राग आला की उरलेलं गुजरातीत.

"कसला गं राउटर राउटर करतेस?" त्यांनी एकदा विचारलं.

मी पुस्तक मिटलं. राउटर म्हणजे निरोप योग्य रस्त्याला लावणारी पेटी, एवढं सांगितलं. अशा पुष्कळ पेट्या एका जागी जोडल्या आणि प्रत्येकीने प्रत्येकीला बातम्या सांगायला सुरुवात केली, तर नुसता कलकलाट होतो. म्हणून त्या आपसात एक मुख्य निवडतात. कुणाला काही नवीन कळलं की त्याने ते मुख्याला सांगायचं, मग मुख्य ते सगळ्यांना सांगतो. त्याच्याबरोबर एक बॅकअप असतो. तोही सगळं ऐकतो, पण बोलत नाही. मुख्य बंद पडला, तर त्याच्या जागी तो.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे मुख्य मी."

"हो, आई."

"आणि बॅकअप मी," आतून जाऊबाई म्हणाल्या. त्या पोळ्या लाटत होत्या आणि अर्थातच सगळं ऐकत होत्या. "काम पूर्ण, बोलायचं नाही."

राहिले मी आणि घरातले पुरुष. आमच्यासाठी पुस्तकात 'अदर' असं नाव आहे, म्हणजे इतर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझं घरातलं पद मला छापील स्वरूपात मिळालं.

त्या पुस्तकात आमच्या घरचं बरंच काही निघालं. ह्या पेट्या आपण जिवंत आहोत हे दाखवायला ठरावीक वेळाने 'हॅलो' पाठवतात. बराच वेळ हॅलो आलं नाही की बाकीच्या समजतात, गेली. मी तलासरीला बसमधून उतरल्यावर फोन करायला विसरले, तर सासूबाईही हेच समजतात. आणखी एक गंमत म्हणजे, एखाद्या राउटरचं प्राधान्य शून्य ठेवलं की तो निवडणुकीत उभाच राहत नाही. हे ऐकून झोपाळ्यावरचे सासरे म्हणाले, "हे शून्य कुठे मिळतं?" त्यांच्याकडे ते पहिल्यापासून होतं.

मग सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, वलसाडला. तिथून त्यांचे भाऊ त्यांना विश्रांतीसाठी उंबरगावला घेऊन गेले आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांचा फोन कपाटात ठेवून दिला. आमच्याकडे हॅलो यायचं थांबलं. त्याच संध्याकाळी टेंपोवाल्याने जाऊबाईंना फोन केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग गॅसवाल्यानेही त्यांनाच केला आणि आमच्या नवऱ्यांनीही.

सांगायला बरं वाटत नाही, पण घर छान चाललं. जाऊबाई ओरडत नाहीत. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, त्यावर दोन ओळी टाकल्या की काम झालं. आणि बॅकअप वर सरकला की त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, इतरांतून नवा निवडतात. अशी मी बॅकअप झाले. बढतीबरोबर भाजी चिरायचं कामही आलं.

सासूबाई परतल्या त्या काळा चष्मा लावून, एकदम ऐटीत. ओट्यावर आपल्या जागी बसल्या आणि फोन मांडीवर ठेवला. तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"रिचार्ज संपलं का गं? बघ जरा लावून."

मी आतल्या खोलीत जाऊन त्यांना फोन लावला. ओट्यावर घंटी खणखणीत वाजली.

"वाजतो," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

त्या रात्रीचा धडा मी वाचला आणि पुस्तकाचाच राग आला. बंद पडलेला मुख्य परत सुरू झाला, तरी त्याला त्याची जागा मिळत नाही. त्याचं प्राधान्य सगळ्यांत वरचं असलं, तरी तो आता इतर. आत्ताचा मुख्य बंद पडला तर बॅकअप मुख्य होणार आणि ह्याला फार तर बॅकअपची जागा मिळणार. म्हणजे मुख्य झालेला तो बॅकअपही बंद पडेल तेव्हाच ह्याला आपली गादी परत. एकदा बसलेली घडी सारखी मोडू नये, म्हणून हा नियम. राउटरांना तो चालत असेल. त्यांना काही ओट्यावर बसायचं नसतं.

सकाळी स्वयंपाकघरात मी हे जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी परातीतला हात थांबवला.

"म्हणजे मी बंद पडायचं आणि पाठोपाठ तू."

"पुस्तक तसं म्हणतं, ताई."

"मी चार दिवस चिंचणीला माहेरी जाते. तू?"

"मला परीक्षेला पालघरला जायचंच आहे. मैत्रिणीकडे राहीन."

घर सोडताना दोघींनी फोन बंद केले. इतक्या शिस्तीत बंद पडणारे राउटर कुठे मिळणार नाहीत. परीक्षेत मला नेमका निवडणुकीचाच प्रश्न आला आणि मी पानभर लिहिलं. लिहिताना घरी फोन वाजत असेल का, हेच डोक्यात होतं.

वाजत होता. परतले तेव्हा ओट्यावरचा आवाज मला फाटकापासून ऐकू आला, अर्ध्या गुजरातीत. जाऊबाईही आल्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, आणि आठवडाभर खुशीत होतो. सासूबाईंना अजून बटणं नीट दिसत नसत, म्हणून त्या फोन स्पीकरवर ठेवत. त्यामुळे प्रत्येक निरोप आम्हालाही कळे.

एका दुपारी व्यापाऱ्याने सांगितलं, माल बुधवारी हवा. सासूबाईंनी लगेच टेंपोवाल्याला फोन लावला आणि गुरुवारी ये म्हणून बजावलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आपला फोन उचलला आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गेल्या. मी बादली घेऊन मागे.

"तुम्ही बुधवारीच या," त्या टेंपोवाल्याशी कुजबुजत होत्या. "आणि आईंना काही बोलू नका."

"हळू कशाला बोलतेस?" सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या, चौकटीला हात धरून. "बिघाड डोळ्यांत होता, कानांत नाही."

जाऊबाईंचा चेहरा पडला. मी बादलीत बघत राहिले.

"आणि दोघी एकदम घराबाहेर गेलात, तेव्हाच मी समजले. मला काय खुळी समजता?" त्या एक पायरी उतरल्या आणि आपला फोन जाऊबाईंच्या हातात दिला. "हा तू ठेव. तू सांगत जा सगळ्यांना, मी जवळ बसून ऐकेन."

"आई, असं काय करता? एकदा चुकलं म्हणून काय झालं?"

"एकदा नाही गं. तुम्हाला एकदाच कळलं." सासूबाईंनी काळा चष्मा काढला आणि पदराने डोळा टिपला. "तो वाजला की मला धडकी भरते आता. कुणी काय सांगेल, माझ्याकडून काय राहून जाईल."

"मग इतके दिवस घेऊन का बसलात?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी माझ्यासाठी घर सोडून गेलात," त्या म्हणाल्या. "मी नको कशी म्हणू?"