भिजवलेला कठिया

माझं शिक्षण मराठी चौथी, तेही भुसावळला. वडील तिथे रेल्वेत गार्ड होते. लग्न होऊन झाशीला आले तेव्हा गव्हाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो निवडायचा, दळायचा आणि पीठ चाळायचं. मिलमध्ये दळण्याआधी गहू भिजवतात, आणि कोणत्या दिवशी किती भिजवायचा हे सांगायला वेगळा माणूस ठेवतात, हे मला नवऱ्यामुळे कळलं.

आमचे हे मैद्याच्या मिलमध्ये मिस्त्री होते. मिल मालधक्क्याच्या पलीकडे होती आणि रेल्वेचा एक रूळ थेट तिच्या आवारात येत असे. त्याच रुळावरून गहू यायचा, बॉयलरचा कोळसा यायचा आणि मैद्याची पोती बाहेर जायची. दुसऱ्यांचे नवरे जेवताना नातेवाइकांबद्दल बोलत, हे मिलबद्दल बोलत. पंजाबातल्या मिलना गहू दारात मिळतो, त्यांना काय. कानपूरच्या मिल एवढ्या मोठ्या की आमचं दिवसभराचं दळण त्या एका पाळीत उरकतात. मुंबईच्या मिल बंदरावर, त्यांना जहाजातला गहूही चालतो. आमची मिल मधल्यामध्ये, रेल्वेने आणून टाकलं तर दळणार. एकदा छावणीतल्या गोऱ्यांच्या बेकरीने राय नावाचं विलायती धान्य दळायला पाठवलं होतं, गव्हाहून बारीक आणि करड्या रंगाचं. त्याचं पीठ चिकट निघालं आणि रोलर खरवडण्यात दोन दिवस गेले. त्याबद्दल हे वर्षभर बोलले. मी ऐकत असे, कारण वाढताना उठून जाता येत नाही.

भिजवण्याचं काम असं. गहू धुऊन ओला करायचा आणि मोठ्या कोठीत रात्रभर मुरू द्यायचा. त्याने साल चिवट होते आणि आतला दाणा मऊ पडतो. मग रोलरखाली सालीचा चुरा होत नाही, कोंडा अख्खा सुटतो आणि मैदा पांढरा निघतो. पण एकदा पाणी मारलं की गहू वाट पाहत नाही. वेळेवर दळला नाही तर तापतो, मग कुबट होतो. रोज दुपारी सेठ ह्यांना विचारत, "मिस्त्रीजी, कल के लिए कितना भिगोएँ?" हे दाणा दाताखाली धरून बघत आणि आकडा सांगत. त्या आकड्यावर सेठनेही कधी दुसरा शब्द काढला नाही. घरात ह्यांचं कोणी फारसं ऐकत नसे, माझ्या सासूबाई तर मुळीच नाही. पण मिलमध्ये ह्यांच्या शब्दावर पाण्याचा नळ उघडत होता. ह्यांचा स्वतःचा एक नियम होता. कोळशाचा डबा आवारात उभा डोळ्यांनी दिसल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही.

लढाईच्या वर्षांत सगळंच बिघडलं. पंजाबच्या गव्हाच्या गाड्या झाशी स्टेशनातून जात, पण आमच्या रुळावर वळत नसत. सेठने मग टहरौलीकडून बैलगाड्यांनी कठिया आणवला. कठिया म्हणजे इकडचा लाल, टणक गहू, पावसावर येणारा. दलियाला चांगला, मैद्याला हट्टी. त्याला पाणी जास्त पाजावं लागतं आणि मुरायलाही जास्त वेळ लागतो. एक अख्खी कोठी कठियाने भरली, आणि नेमका तेव्हाच कोळसा संपला. मिल बारा दिवस बंद होती. सेठ रोज विचारत आणि हे रोज "अभी नहीं" म्हणत. छावणीला द्यायचा मैदा थकला होता. एवढी कोठी दळून दिली तर ते काम आमच्याकडे राहणार होतं, नाही तर कानपूरला जाणार होतं. घरी येऊन हे जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

त्याच दिवसांत गौरी आल्या. रेल्वे कॉलनीत यार्डाच्या बाबूंकडे हळदीकुंकू होतं. त्यांची बायको जळगावकडची. झाशीत माझ्या आईसारखं बोलणारी ती एकटीच, म्हणून मी तिच्याकडे जायची. माझ्या हाताला अत्तर लावता लावता ती म्हणाली, "ऐकलंस का? तुमच्या मिलच्या कोळशाचा डबा आलाय. उद्या सकाळी तुमच्या रुळावर लावणार."

मी म्हटलं, "नक्की?"

"यार्डबाबूच्या बायकोला विचारतेस नक्की का? घे, खिरापत घे आणि तोंड गोड कर."

आणखी दोन घरी जायचं होतं. मी कुठेच गेले नाही, सरळ घरी आले. हे ओसरीवर बसले होते. मी सांगितलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "आली, भुसावळवाली तार घेऊन आली."

हे म्हणाले, "मी डबा पाहिला नाही."

मी म्हटलं, "अहो, आपल्या माणसाने सांगितलंय. परक्याने नाही."

आता वाटतं, तिथेच चुकलं. झाशीत आम्ही मराठी लोक मूठभर. सासरची माणसं तर पिढ्यान् पिढ्या इथली, त्यांची मराठी अर्धी हिंदी झालेली. बाजारात हिंदी, मिलमध्ये हिंदी, मोलकरणीशी बुंदेली. त्यामुळे कोणी मराठीत काही सांगितलं की ते घरातलंच वाटायचं, आणि घरातल्या गोष्टीची कोणी खातरजमा करत नाही. हीच बातमी सेठच्या मुनीमाने हिंदीत दिली असती तर हे आधी यार्डात जाऊन बघून आले असते. ह्यांनी टोपी घातली, मिलमध्ये गेले आणि नळ उघडायला सांगितला. कठियाला वेळ लागतो म्हणून सगळी कोठीच भिजवली.

सकाळी डबा खरंच आला होता. बाबूंची बायको खोटं बोलली नव्हती. मी ह्यांचं जेवण घेऊन गेले तेव्हा मिलच्या आवारातून तो मला दिसला, आमच्या रुळापासून तीन रूळ पलीकडे, कोळशाने शिगोशीग भरलेला. तो अलीकडे आणायला शंटिंगचं इंजिन हवं होतं. आणि त्या दिवशी फौजेच्या गाड्या लागल्या होत्या, एक गेली की दुसरी. सगळी इंजिनं त्यांच्यामागे. सेठने वीस मजूर टोपल्या देऊन पाठवले की डोक्यावरून कोळसा वाहून आणा. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना रूळ ओलांडू दिले नाहीत. डबा आमच्या नावाचा होता, पण आमच्या रुळावर लागेपर्यंत तो आमचा नव्हता.

संध्याकाळी ह्यांनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला. घरी येऊन म्हणाले, "कोमट लागतोय."

दुसऱ्या दिवशीही डबा तिथेच. ह्यांनी माणसं लावून गहू फावड्याने वरखाली केला. मग बाहेर काढून ताडपत्र्यांवर पसरला. आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. मी आणि मजुरांच्या बायका उकिडव्या बसून हाताने गहू सारखा करत होतो. भाद्रपदातलं ऊन तासभर पडलं आणि बारीक पाऊस आला. पुन्हा सगळं भरलं. आधी नुसता मुरवलेला होता, आता वरूनही भिजला.

सासूबाई म्हणाल्या, "एवढी रड कशाला? घराघरांत जाती आहेत. बायकांना वाटून दळून घ्या."

बोलायला सोपं होतं, म्हणून मी करून बघितलं. पाच शेर गहू घेऊन जात्यावर बसले. पहिल्या दोन मुठी निघाल्या, मग जातं जड झालं, मग थांबलं. वरची तळी उचलून बघितलं तर दगडाला कणकेचा थर. चाकूने खरवडून पुन्हा घातला, पुन्हा तेच. सकाळपासून दुपारपर्यंत माझं दीड शेर पीठ झालं आणि तेही गोळ्या गोळ्यांचं. मिल चालू असती तर एवढं दळायला तिला मी दम घेते तेवढाही वेळ लागला नसता. सदर बाजारातल्या तेलाच्या इंजिनवरच्या दोन चक्क्यांकडेही हे जाऊन आले. एकाकडे तेल नव्हतं. दुसऱ्याने गहू हातात घेऊन बघितला, चक्कीच्या दगडांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "पाट जाम कर दोगे, भैया। ले जाओ।"

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन आलं. मी तेव्हा मिलच्या फाटकाशी होते. मुनीम ओरडला, "आ गओ, आ गओ!" सेठ कचेरीतून बाहेर आले. भट्टीवाल्यांनी भट्टीची दारं उघडली. हे एरवी नुसते चालायचे, ते धावत रुळाशी गेले. इंजिन डब्याला लागलं, साखळी जोडली, शिट्टी झाली. आणि डबा उलटीकडे निघाला, इंजिनांच्या शेडकडे. हे रुळाच्या कडेने थोडं अंतर त्याच्याबरोबर चालले. मग थांबले.

दिवेलागणीला यार्डाचे बाबू स्वतः आमच्याकडे आले. खाली बघत म्हणाले, "वहिनी, शेडचा कोळसा संपला. वरून हुकूम आला की उभा असेल तो डबा घ्या. माझ्या हातात काही नव्हतं."

सासूबाई म्हणाल्या, "हातात नव्हतं तर तोंडात कशाला होतं?"

बाबू पाणी प्याले आणि गेले. त्यांना तरी काय बोलायचं? बायकोला सांगितलं ते खरंच होतं, सांगितलं तेव्हा.

मी ह्यांना म्हटलं, "सेठना सांगा, बातमी मी आणली म्हणून."

"नळ मी उघडला," हे म्हणाले.

"पण माझ्या सांगण्यावरून."

"मिलमध्ये काय सांगू? बायको हळदीकुंकवाला गेली होती?"

मला हे एक शब्दही टाकून बोलले नाहीत, चांगलं झापलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सासूबाईंनी मात्र ती कसर भरून काढली.

चौथ्या दिवशी कोठीचं खालचं दार उघडलं. वास फाटकापर्यंत आला. गहू ढेकळांनी बाहेर पडत होता, तळाचा तर काळपट, आणि पाणी साचलं होतं तिथे पांढरे कोंब. सेठने हातात घेतला, नाकाशी नेला आणि टाकून दिला. म्हणाले, "जानवरों के लिए बाँट दो।" ओरडले नाहीत. ते ओरडणारे नव्हतेच.

जनावरांसाठी म्हटलं तरी बातमी वस्त्यांमधून पसरायला तास लागला नाही. रेशनच्या रांगेत तेव्हा सकाळपासून उभं राहून अर्धी माणसं रिकाम्या हाताने परत जात होती. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडच्या वस्तीतून बायका आल्या, कोणी परात घेऊन, कोणी टोपली, कोणी नुसता पदर. हे दारात उभे राहून पत्र्याच्या डब्याने गहू घालत होते आणि हा खायचा नाही, गुरांसाठी आहे, असं प्रत्येकीला बुंदेलीत सांगत होते, "जो खाबे को नईंयाँ। ढोरन के लाने है।"

"हओ भैया, ढोरन के लाने," त्या म्हणायच्या आणि परात पुढे करायच्या.

आमच्या गल्लीत भांडी घासणारी एक बाई रांगेत होती. तिच्याकडे शेळीसुद्धा नव्हती. ह्यांनी तिला बघितलं, डबा हातात तसाच धरला आणि म्हणाले, "तुमाए तो ढोर हैइ नईं।"

ती म्हणाली, "परोसी के हैं।" आणि जाताना म्हणाली, "भगवान तुमाओ भलो करें, मिस्त्रीजी।"

असं बऱ्याच जणी म्हणाल्या. ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही. एकीने मला हळूच विचारलं, हा धुवायचा कसा. मी सांगितलं, तीन पाण्यांनी चोळून धू, कोंब आलेला काढून टाक, वाळव आणि दळण्याआधी भाजून घे.

हे माझ्याजवळ येऊन मराठीत म्हणाले, "मी काय सांगतोय आणि तू काय सांगतेस?"

मी म्हटलं, "खाणारच आहेत. निदान धुऊन खाऊ देत."

तेवढ्यात मुनीम आला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला बोलायचं नसावं, पण त्याचा आवाजच तसा होता. "मिस्त्रीजी, सेठजी ने कानपुर से आदमी बुलाया है। अब भिगोने का काम वो देखेगा। आप बोरा सिलाई में आ जाइए।"

म्हणजे मिस्त्रीने आता पोती शिवायची. हे "ठीक है" म्हणाले आणि पुढच्या बाईला परात नीट धरायला सांगितलं.

कोठी रिकामी व्हायला संध्याकाळ झाली. तळाचा काळा पडलेला गहू टाकायला म्हणून बाजूला काढला होता. आम्ही हातपाय धुऊन आलो तोवर तोही कोणीतरी नेला होता. तो खाऊन कोणाला काही झालं का, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारायलाही गेलो नाही.