दातच घासून राहिली न, दीदी

हात वर करताना ती पहिलं बोट मिटून घ्यायची. कोणी रस्ता विचारला तर तो हनुवटीने दाखवायची. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या गल्लीतली मी पहिली पदवीधर, म्हणून संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसत. ज्या गल्लीने मला शिकू दिलं, तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या मुलांतलीच ती, तेव्हा नववीत होती.

एकदा मी तिचा हात धरून ते बोट उलगडलं. टोक काळपट तपकिरी होतं. गुडाखूचा रंग.

तुमच्याकडे गुडाखू मिळते की नाही, माहीत नाही. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा आमच्याकडे किराणा दुकानात साबणाच्या शेजारी चपट्या डबीत मिळतो. बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायचा. घासणारे त्याला नशा म्हणतच नाहीत. मंजन म्हणतात.

"दातच घासून राहिली न, दीदी," ती म्हणाली.

"संध्याकाळी? दिवसातून किती वेळा घासतेस?"

"जितके दात, तितके वेळा."

सगळी मुलं हसली. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून.

शाळेत ती हिंदीच बोलायची. मराठी घरची भाषा, आणि घरी बोलायला कोणी नसायचं. वडील लहानपणीच गेले. आई जवळच्या रसमडा गावातल्या एका कारखान्यात कायम रात्रपाळीला. ही शाळेतून यायची तेव्हा आई झोपलेली असे. आईला जाग येई तेव्हा कामावर निघायची घाई.

एकदा बाकीची मुलं गेल्यावर मी विचारलं, "कावून घासतेस गं?"

"दाढ दुखे न, तवा मायनंच लावून देल्ली. मंग रोज सकाळी माय ड्यूटीवरून आली का आमी उंबऱ्यावर बसतो. दोघीच्या मधात डबी. तेवढाच टाइम माय माह्याजवळ बसते, दीदी. मंग झोपते."

मी तयार ठेवलेलं भाषण गिळून टाकलं.

तरी तिला दवाखान्यात नेलंच. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा देऊन खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा तिला दाखवला. आत्ताच सोडलं तर बरा होऊ शकेल, म्हणाल्या. परतताना गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "मी सोडली, तर माय कोणासोबत बसन?"

सोडली तिने. डोकं धरून बसायची, चिडायची, गणित अर्धवट टाकून निघून जायची. पण सोडली. पहिल्या दिवशी नवा ब्रश घेऊन आईशेजारी उंबऱ्यावर बसली, तर आई म्हणाली, "मायची डबी आता तुले घाण वाटते काय?" आणि डबी उचलून नळावरच्या बायांमध्ये जाऊन बसली.

मला हे सांगताना ती रडली नाही. "ब्रश लवकर होते, दीदी," एवढंच म्हणाली.

मग मी तिच्या आईकडे, काकींकडे गेले. चट्ट्याचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "मीच लावून देल्ली होती तिले," म्हणाल्या. दुसऱ्या सकाळपासून त्या पुन्हा उंबऱ्यावर बसू लागल्या, डबी पदरात लपवून. मुलगी शाळेला गेल्यावरच ती उघडायच्या.

बारावीनंतर ती नर्सिंग शिकायला नागपूरला मावशीकडे गेली. ऑटोत बसल्यावर तिने मला हाक मारली. "मायकडं पाहजा, दीदी." आणि उंबऱ्याकडे बोट दाखवलं. सरळ, स्वच्छ बोट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिकडे काकी उंबऱ्याच्या एका कडेला बसल्या होत्या.

अजूनही त्या कडेलाच बसतात. शेजारची जागा तशीच रिकामी. सकाळी नागपूरहून तिचा फोन येतो, काय करून राहिली म्हणून.

"दातच घासून राहिली न, बाई," काकी सांगतात, आणि बोट मिटून हात पदराखाली नेतात, जसं काही तिकडून दिसणारच आहे.