तिसऱ्या प्रकरणातल्या मुली

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मेल महिन्यातून एकदा यायचा. नवी पुस्तकं कोणती आली, कोणती नियतकालिकं घरबसल्या वाचता येतील, कार्यशाळा कधी आहे. मी तो बहुतेक वेळा न उघडताच पुढं जायची. त्या दिवशी बाभुळगावच्या कॉलेजात, जिथं मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, दोन तासांच्या मधे रिकामी बसले होते म्हणून उघडला. शेवटून दुसरी सूचना होती: वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरची वर्गणी महिनाअखेर संपत आहे, नवीन खरेदीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत प्रबंधांची तपासणी बंद राहील.

ग्रंथालयाचा तपासणी अहवाल जोडल्याशिवाय पीएच.डी.चा प्रबंध जमा होत नाही. आणि माझ्या नोंदणीला मिळालेली दुसरी मुदतवाढ त्याच महिन्यात संपत होती. तिसरी मिळत नाही. अकरा दिवस उरले होते.

घरी जाऊन संध्याकाळीच फाईल पाठवली. काळजी नव्हती, कारण प्रबंधातली ओळन् ओळ माझी होती. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. माझं त्रेचाळीस निघालं. पानं उलटत गेले तर पहिली दोन प्रकरणं स्वच्छ होती आणि तिसरं सुरुवातीपासून शेवटापर्यंत लाल.

तिसरं प्रकरण म्हणजे मुलींच्या मुलाखती. खूप वर्षांपूर्वी एम.फिल.साठी मी राळेगाव तालुक्यातल्या गावांत फिरले होते. एसटीच्या पासवर शाळेत जाणाऱ्या मुलींना भेटायची, कधी बसस्टॉपवर, कधी कुणाच्या ओसरीवर, आमच्या गावात तर विहारात सगळ्यांना एकत्र बसवून. गाडी आली नाही की काय करता, घरचे काय म्हणतात, शाळा कधी सुटली. त्यांचं बोलणं जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं होतं. त्याच मुलींना पंधरा वर्षांनी पुन्हा भेटून पुढं काय झालं ते शोधायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. तिसऱ्या प्रकरणात त्या जुन्या मुलाखती होत्या.

अहवालात लाल मजकुरासमोर मूळ स्रोत दिलेला असतो. तिथं दुसऱ्या एका विद्यापीठाचा प्रबंध होता, चार वर्षांपूर्वीचा. देशभरातले प्रबंध जिथं ऑनलाइन ठेवतात तिथून मी तो उघडला. लेखिकेचं नाव वाचलं आणि फोन हातातून खाली ठेवला.

ती माझी होस्टेलमधली मैत्रीण होती. ढाणकीची. एम.फिल.ची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. शेवटी शेवटी मला टायफॉइड झाला, उठून बसता येत नव्हतं, तेव्हा माझं हस्तलिखित तिनं रात्रंदिवस बसून टाइप करून दिलं होतं. ती नसती तर माझं एम.फिल. तिथंच राहिलं असतं.

पुन्हा फोन उचलला आणि वाचत गेले. गावांची नावं तिनं बदलली होती, तालुकाही. मुलींचे शब्द तेच होते. मुलाखत क्रमांक अकरा आली.

'सातची गाडी आमच्या फाट्यावर थांबतच नव्हती. डायव्हर हात दाखवून पुढं न्यायचा. मंग बाबा मले सायकलवर पुढच्या स्टॉपवर नेऊन सोडायचे. नववीत होती तवा गाडीच बंद झाली. एक साल घरी राह्यली, कापूस वेचला. शाळेतल्या पोरी रस्त्यानं जाताना दिसल्या का मी तुरीत लपून बसायची.'

अकरा नंबरची मुलगी मीच होते. स्वतःचं नाव घालायची लाज वाटली म्हणून मी मला एक क्रमांक दिला होता. हे फक्त तिलाच माहीत होतं, कारण टाइप करताना तिनं ओळखलं होतं आणि खाटेवर माझ्याजवळ येऊन बसली होती.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "घाबरू नका. स्वतःच्या एम.फिल.मधला मजकूर असेल तर तो तपासणीतून वगळता येतो. मूळ प्रत दाखवा, तारीख बोलेल."

मूळ प्रती तीनच होत्या. माझी, तिच्यातल्या मुलाखती प्रबंधात उतरवून घेतल्यावर, जुन्या वह्यांसकट वाळवीनं खाल्ली होती. तेव्हाच्या मार्गदर्शकांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या घरच्यांनी कागदपत्रं केव्हाच काढून टाकली होती. राहिली ग्रंथालयातली. त्या काळात आम्ही जुन्या फाँटात टाइप करून कागदच द्यायचो, त्यामुळं इंटरनेटवर तिचा मागमूस नव्हता.

नवरा म्हणाला, "कायले एवढा जीव जाळून राह्यली? नाही झालं तं नाही झालं. खाणं-पिणं सोडून देशील का आता?" मला त्याच्यावर रागावता आलं नाही. सात वर्षं त्यानं हेच पाहिलं होतं, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं यवतमाळ आणि तिथून विद्यापीठ गाठलं. ग्रंथपाल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एका शिपाईकाकांना माझ्यासोबत दिलं. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. मला तळघराकडे नेताना म्हणाले, "नवीन कपाटं आले तवा पीएच.डी.चे वर ठेवले, मॅडम. एम.फिल.चे गठ्ठे बांधून खाली टाकले. यादी नाही केली कोणी."

तळघरात गठ्ठे छतापर्यंत होते. सुतळ्या सोडायच्या, कणा पाहायचा, पुन्हा बांधायच्या. किती जणांनी किती मेहनतीनं लिहिलेलं तिथं पडून होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही अर्धे पाहिले. रात्री एका विद्यार्थिनीच्या खोलीवर झोपले, सकाळी पुन्हा खाली उतरले. दुपारी चारला शेवटचा गठ्ठा सोडला. माझ्या वर्षाचे सगळे होते, माझा नव्हता.

काका म्हणाले, "कोणी वाचायले नेला असन आन परत नसन केला. चांगलं असन तुमचं, म्हणून नेला." ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मी तिथंच गठ्ठ्यावर बसून रडले. काका पाण्याची बाटली ठेवून जिन्याशी जाऊन उभे राहिले.

दाखलनोंद वहीत मात्र माझी नोंद सापडली. नाव, विषय, तारीख, शिक्का. मी धावतच मॅडमकडे नेली. त्यांनी ती नीट वाचली, चष्मा काढला.

"यावरून तुम्ही एम.फिल. केलं एवढं सिद्ध होतं. आत काय लिहिलं होतं ते नाही होत," त्या म्हणाल्या. "एक मार्ग आहे. तुमच्या मैत्रिणीनं लिहून दिलं, की मजकूर मूळचा तुमचा, तर मी आजच समितीपुढं ठेवते. किंवा तुम्ही तिच्याविरुद्ध तक्रार करा. पण त्याची चौकशी महिनाभर तरी चालेल, आणि तुमच्याकडे सहा दिवस आहेत."

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून मी तिला फोन लावला. नऊ-दहा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिनं लगेच उचलला.

"तुझा फोन येईल हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी काय झालं ते सांगितलं.

"तुझं लिहिणं होतं माझ्याजवळ, फाईलमध्ये," शेवटी ती म्हणाली. "माझी मुदत संपत होती. धाकटी पोटात होती, फिरता येत नव्हतं. वाटलं, तू काही पुढं करणार नाहीस. तुझं लग्न झालं होतं, शिक्षण सुटल्यासारखंच होतं."

"अकरा नंबर तरी सोडायची होतीस," मी म्हणाले.

ती रडायला लागली. मी म्हटलं, एक कागद लिहून दे, एवढंच मागते. ती म्हणाली, "माझी पदवी काढून घेतील. पदवीवर नोकरी आहे. घरात कमावणारी मी एकटीच आहे. दोन पोरी आहेत. तू म्हणशील ते करते, पण हे नको मागू."

मी मागितलं. पुन्हा पुन्हा मागितलं, विनवण्या केल्या, टायफॉइडच्या दिवसांचीसुद्धा आठवण करून दिली, जणू तिनंच माझ्यावर केलेले उपकार मी तिच्याकडून वसूल करत होते. ती नाही म्हणत राहिली. मग केव्हातरी फोन बंद झाला.

तक्रार करायची का, हे मी परतीच्या गाडीत ठरवायचं म्हटलं. बाभुळगाव येईपर्यंत ठरलं नाही. घरी गेल्यावर लॅपटॉप उघडला आणि तिसरं प्रकरण पुसायला घेतलं.

पाच दिवस मी तेच करत होते. मुलीचं एक वाक्य घ्यायचं, ते खोडायचं आणि त्याऐवजी पुस्तकी मराठीत लिहायचं, 'वाहतूक सुविधेच्या अभावी विद्यार्थिनींच्या शिक्षणात खंड पडला.' 'तुरीत लपून बसायची'च्या जागी मी 'न्यूनगंडाची भावना' असं लिहिलं. एकेकीला घरातून बाहेर काढतेय असं वाटत होतं. शेवटच्या दिवशी दुपारी नवा अहवाल आला, सात टक्के. पावणेपाचला प्रबंध जमा झाला.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, प्रबंधाच्या पानोपानी खुणा केलेल्या. बाकी सगळ्याचं कौतुक केलं. मग तिसरं प्रकरण उघडून म्हणाले, "इथं मात्र तुम्ही कमी पडलात. मुलींबद्दल तुम्हीच सांगताय. मुली कुठं बोलतात? त्यांचे शब्द लिहून घ्यायला हवे होते."

माझे सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "हो सर. वेळ कमी पडला."

पदवी मिळाली. शिकवते अजून तासिकांवरच. निकाल लागला त्या दिवशी तिचा मेसेज आला होता, अभिनंदनाचा, खाली एवढंच की जमलं तर मला माफ कर. मी तो पुसलेला नाही. तीनदा उत्तर लिहिलं, एकदा शिव्या देऊन, एकदा माफ करून, एकदा नुसतं तिच्या पोरी कितवीत आहेत विचारून. एकही पाठवलं नाही.